सपाटपणाची साक्ष



सपाट चित्रात खोली दाखवणारी साधने म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना व्ह्यूमास्टर आठवतो, नाहीतर सिनेमागृहाच्या दारात वाटले जाणारे थ्रीडीचे चष्मे. दोहोंमागचे तत्त्व एकच आहे आणि ते शाळेपासून आपल्या अंगवळणी पडलेले आहे. डोळे दोन, त्यांच्यात अंतर सहा-साडेसहा सेंटिमीटर, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला दिसणारे दृश्य किंचित वेगळे, आणि त्या फरकावरून मेंदू वस्तूंची पुढे-मागे मांडणी करतो. यात चूक काहीच नाही. पण या बरोबर असलेल्या गोष्टीवरून आपण एक चुकीचा निष्कर्ष काढून बसलो आहोत. तो असा, की एकट्या सपाट चित्रात खोली नसतेच, ती दुसरे चित्र जोडून बाहेरून घालावी लागते. आज मला हरकत घ्यायची आहे ती या निष्कर्षावर. माझे म्हणणे असे, की एकट्या चित्रात खोली भरपूर असते. ती पुरती जाणवत नाही, याचे कारण समोर सपाट कागद आहे ही साक्ष आपलेच डोळे अखंड देत असतात. दोन डोळ्यांना दोन चित्रे दाखवणाऱ्या स्टिरिओस्कोपच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी लोकांच्या दिवाणखान्यांत असे एक साधन होते, जे चित्रात काहीच घालत नसे; ते फक्त या साक्षीदारांना गप्प करत असे. त्या साधनाचे काम कसे चालते हे नीट समजले, तर चित्र पाहणे म्हणजे काय याविषयीची आपली समजूतच थोडी बदलावी लागेल.

आधी स्टिरिओस्कोपचे श्रेय त्याला देऊन टाकू. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध मांडला. त्यांच्या उपकरणात काटकोनात जोडलेले दोन आरसे होते आणि दोन बाजूंना दोन चित्रे. ही चित्रे कसली होती, हे महत्त्वाचे आहे. छायाचित्रणाची घोषणा व्हायला अजून वर्षभर अवकाश होता, म्हणून व्हीटस्टन यांनी नुसत्या रेघांच्या भौमितिक आकृत्या वापरल्या: घनाच्या, शंकूच्या कडा दाखवणाऱ्या. छाया नाही, रंग नाही, पोत नाही. तरीही आकृती कागदातून उठून हवेत उभी राहिली. दोन डोळ्यांतला फरक एवढ्या एकाच गोष्टीतून खोली निर्माण होऊ शकते, हे त्यामुळे निर्विवाद सिद्ध झाले. सव्वाशे वर्षांनी, १९६० च्या सुमारास, अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बेला यूलेश यांनी संगणकाकडून ठिपक्यांची दोन चित्रे करवून घेतली आणि हीच गोष्ट टोकाला नेली. एकेकटे पाहिले तर दोन्ही चित्रांत ठिपक्यांच्या गदारोळापलीकडे काही नाही. दोन डोळ्यांनी एकत्र पाहिली की मधला चौकोन तरंगू लागतो. येथे खोली कुठल्याही एका चित्रात नाही. ती खरोखरच दोहोंच्या नात्यात आहे.

मधल्या काळात स्टिरिओस्कोपने बाजार जिंकला होता. डेव्हिड ब्रूस्टर यांनी आरशांऐवजी भिंगे वापरून तो हातात मावेल असा केला, पॅरिसच्या द्युबॉस्क यांनी तो बनवला आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीला तो आवडला. मग काय हवे! १८६१ च्या आसपास बोस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी आणखी सुटसुटीत, स्वस्त नमुना तयार केला आणि त्याचे एकस्वही घेतले नाही. पुढे अंडरवुड अँड अंडरवुड या अमेरिकन कंपनीसाठी जेम्स रिकल्टन हिंदुस्थानभर फिरले आणि त्यांच्या जोडचित्रांचा संच पुस्तकासह घरोघर पोचला. या यशाची एक किंमत होती. खोली म्हणजे दोन डोळे, हे समीकरण इतके पक्के झाले की त्याआधीचे साधन केवळ एक करमणुकीचे खेळणे ठरून माळ्यावर गेले.

ते साधन म्हणजे झोग्रास्कोप. अठराव्या शतकाच्या मध्यापासून लंडन, पॅरिस, आउग्सबुर्ग आणि इटलीतले बस्सानो या गावांत त्याच्यासाठी खास चित्रे छापली जात. पॅरिसमध्ये सँ-झाक रस्त्यावरचे छापखाने त्यासाठी प्रसिद्ध होते, बस्सानोत रेमोंदिनी घराण्याचा कारखाना होता. साधनाची रचना अगदी साधी: लाकडी दांड्यावर एक मोठे बहिर्गोल भिंग उभे, त्याच्या मागे पंचेचाळीस अंशांत कललेला आरसा, आणि चित्र खाली टेबलावर पसरलेले. भिंग इतके रुंद की दोन्ही डोळ्यांनी त्याच एका भिंगातून पाहता यावे. आरशात चित्र उलटे दिसते, म्हणून या चित्रांच्या वरच्या कडेचे शीर्षक कित्येकदा उलट्या अक्षरांत कोरलेले असते. आज जुन्या बाजारात असे चित्र हाती आले तर ते झोग्रास्कोपचे, हे ओळखण्याची ती खूण आहे. विषय ठरलेले: व्हेनिसचे कालवे, राजवाड्यांची दालने, दूर निमुळते होत जाणारे रस्ते आणि खांबांच्या ओळी. वर हाताने भडक रंग दिलेले. कलेच्या दृष्टीने ही चित्रे सामान्य आहेत, काही तर त्याहून खालची. पण भिंगातून पाहिली की रस्ता आत शिरतो, खांब एकामागे एक उभे राहतात. आपल्याकडे जत्रेत नि आठवडी बाजारात येणारी, गोल खिडक्यांना भिंगे लावलेली चित्रांची पेटी, जिला लोक बायोस्कोप म्हणत, ती याच कुळातली. तिच्यातही चित्र एकच असे आणि सपाटच असे.

आता प्रश्न असा, की यात खोली येते कुठून? चित्र एकच आहे. दोन डोळ्यांना दाखवायला वेगळे काही नाही. व्हीटस्टन यांच्या हिशेबाने येथे काहीही घडू नये. उत्तरासाठी आपण उघड्या डोळ्यांनी चित्र पाहतो तेव्हा काय होते ते तपासू. कागद तीस सेंटिमीटरवर धरला की दोन्ही डोळे आतल्या बाजूला वळतात आणि त्यांच्या दृष्टिरेषांत सुमारे १२ अंशांचा कोन होतो. डोळ्यातले भिंग त्या अंतरासाठी फुगते. खराखुरा रस्ता पाहताना सहा मीटरवरच्या वस्तूसाठी तो कोन जेमतेम अर्ध्या अंशाच्या थोडा वर असतो आणि भिंगाला जवळपास काही करावे लागत नाही. शिवाय दोन्ही डोळ्यांना कागदाचा प्रत्येक बिंदू एकाच प्रतलात दिसतो. चित्रातला जवळचा खांब आणि दूरचा घुमट यांच्यात दोन डोळ्यांतला फरक शून्य. डोके हलवले तर खांबामागचे काही उघड होत नाही. चौकट दिसते, कागदाची चमक दिसते. चित्राच्या आत छाया, झाकणाऱ्या कडा, एकवटत जाणाऱ्या रेषा, दूरची धुसर निळाई हे सगळे एक बाजू मांडत असते आणि डोळ्यांचे स्नायू, चौकट, डोक्याची हालचाल विरुद्ध बाजूची साक्ष देत असतात. निकाल बहुधा तडजोडीचा लागतो: खोली आहे, पण पातळ.

झोग्रास्कोप ही दुसरी बाजूच खोडून काढतो. चित्र भिंगाच्या नाभीय अंतराजवळ असते, त्यामुळे त्याच्यापासून येणारे किरण भिंगातून जवळपास समांतर बाहेर पडतात आणि डोळ्याला ते दूरवरून आल्यासारखे वाटतात. डोळ्याचे भिंग सैल होते. दोन्ही डोळे त्या रुंद भिंगाच्या मध्याच्या दोन बाजूंनी पाहतात, म्हणून भिंगाच्या कडेकडचा भाग लोलकासारखा वागून दृष्टिरेषांनाही समांतर करतो. खऱ्या दूरच्या दृश्यात दोन डोळ्यांतला फरक शून्याजवळच असतो, तेव्हा आता तो शून्य फरक सपाटपणाचा पुरावा राहत नाही. तो दूरपणाचा पुरावा होतो. चौकट भिंगाच्या कडेआड जाते. उरते ते फक्त चित्राचे स्वतःचे म्हणणे.

या उपायाची जाण त्याही आधीची आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्की यांनी तेथल्या बाप्तिस्मागृहाचे चित्र फळीवर काढले, फळीला भोक पाडले आणि प्रेक्षकाला मागच्या बाजूने त्या भोकातून, समोर धरलेल्या आरशात ते चित्र पाहायला लावले, असे त्यांचे चरित्रकार मानेत्ती सांगतात. एक डोळा, एक ठरलेली जागा, चौकट अदृश्य. यथादर्शनाच्या इतिहासात या प्रयोगाचा उल्लेख नेहमी रेषांच्या गणितासाठी होतो. मला त्यातले भोक गणिताइतकेच महत्त्वाचे वाटते. लिओनार्डो यांनीही नोंदवून ठेवले आहे की चित्राला प्रत्यक्षासारखा उठाव येत नाही, एकाच डोळ्याने पाहिले तर गोष्ट वेगळी. आपण घरी गेल्यावर कागदाची नळी करावी, एक डोळा मिटावा आणि निसर्गदृश्याचे एखादे कॅलेंडर त्या नळीतून अशा रीतीने पाहावे की कडा दिसणार नाहीत. घाई करू नये. परिणाम हळूहळू उमलतो.

येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. हे सगळे भिंगाने मोठे करून दाखवल्यामुळे होत असेल, चित्र मोठे झाले की भव्य वाटते, यात विशेष काय? त्याला उत्तर नळी देते. नळीत भिंग नाही, काहीही मोठे होत नाही, तरी खोली वाढते. आणखी ठाम उत्तर जर्मनीतल्या येना येथून आले. झाइस कारखान्यातले मोरिट्स फोन रोहर यांनी १९०७ साली सिनॉप्टर नावाचे साधन तयार केले. त्यात आरशांच्या रचनेने दोन्ही डोळ्यांना एकाच बिंदूतून पाहिल्यासारखे दृश्य मिळते, जणू दोन डोळ्यांमधले अंतर पुसले गेले. त्याने काहीही मोठे होत नाही. स्टिरिओस्कोप जे करतो त्याच्या अगदी उलट हे साधन करते: तो फरक घालतो, हे फरक काढते. खोली म्हणजे दोन डोळे हे समीकरण खरे असते तर सिनॉप्टरमधून चित्र अधिकच सपाट दिसायला हवे होते. ते अधिक खोल दिसते.

दुसरा आक्षेप अधिक चिवट आहे: हा मनाचा खेळ आहे, सांगितले म्हणून दिसते. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९०४ साली या गोष्टीवर लिहिले तेव्हा तिला विरोधाभासी म्हटले होते, आणि विरोधाभासाकडे संशयाने पाहणे ही विज्ञानाची जुनी सवय. पण सूचनेचा परिणाम असेल तर तो अपेक्षेच्या दिशेने व्हायला हवा. एक डोळा मिटल्यावर खोली कमी होईल, अशी कुणाचीही अपेक्षा असते; होते उलटे. शिवाय ही गोष्ट आता मोजली गेली आहे. नेदरलँड्समधले यान कूंडरिंक, आंद्रेआ फान डोर्न आणि आस्ट्रिड कापर्स यांनी १९९४ साली प्रेक्षकांना छायाचित्र दाखवले आणि त्यावर एक छोटी लंबवर्तुळाकार खूण ठेवली. प्रेक्षकाने ती खूण अशी कलती करायची की ती चित्रातल्या वस्तूच्या पृष्ठभागावर चिकटलेल्या गोल चकतीसारखी दिसावी. अशी अनेक ठिकाणी मोजमापे घेतली की प्रेक्षकाला दिसणारा उठाव किती, ते आकड्यांत काढता येते. "कसे वाटले?" हा प्रश्न येथे विचारलाच जात नाही. निष्कर्ष असा, की उठाव सर्वांत कमी दोन उघड्या डोळ्यांनी, त्याहून अधिक एका डोळ्याने आणि सर्वांत अधिक सिनॉप्टरमधून. चित्र तेच, फक्त साक्षीदार एकेक करून उठवलेले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. अमेरिकेतल्या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापक सुझन बॅरी यांचे डोळे लहानपणापासून तिरळे होते. चाळिशी उलटल्यावर दृष्टिव्यायामाने त्यांना दोन डोळ्यांची एकत्रित दृष्टी आली. मज्जाविकारतज्ज्ञ लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यांच्याविषयी लिहिले, बॅरी यांनी स्वतः २००९ मध्ये पुस्तक लिहिले. वस्तूंच्या मधली रिकामी जागा त्यांना पहिल्यांदाच जाणवली, असा त्यांचा अनुभव आहे. एका डोळ्याच्या पुराव्यातून जर खोली पुरेशी मिळते, तर त्यांना आयुष्यभर ती जागा का जाणवली नाही? हा आक्षेप टाळता येणार नाही. जवळच्या अंतराची बारीक पारख, सुईत दोरा ओवण्याइतकी, दोन डोळ्यांतल्या फरकाखेरीज मिळत नाही, हे मान्यच करावे लागते. माझा दावा त्याहून मर्यादित आहे. तो चित्रांविषयी आहे. चित्रात जाणवणारी भरीवपणाची, मधल्या जागेची चव केवळ दोन डोळ्यांतल्या फरकाच्या मालकीची नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे धनराज विश्वनाथ आणि त्यांचे सहकारी पॉल हिबर्ड यांनी २०१३ मध्ये लहानशा छिद्रातून एका डोळ्याने चित्र पाहणाऱ्यांच्या अनुभवाची स्टिरिओ चित्रांच्या अनुभवाशी तुलना केली, आणि लोकांनी केलेली वर्णने त्याच जातीची निघाली. बॅरी यांचा अनुभव आणि हा निष्कर्ष यांची पूर्ण सांगड अजून कुणी घातलेली नाही, असे माझे मत आहे. पण दोन्ही खरे असू शकतात, आणि खोली ही एकच एक वस्तू नसून अनेक मार्गांनी पोचता येणारी अवस्था आहे असे धरले तर त्यांत भांडणही उरत नाही.

सिनेमाचा इतिहास या बाजूने बरेच काही सांगतो. मोठ्या पडद्याचे सिनेमागृह हा आपण ओळखत नसलेला झोग्रास्कोपच आहे. पडदा पंधरा-वीस मीटरवर, म्हणजे डोळे जवळपास समांतर आणि सैल; अंधारामुळे चौकट विरलेली; पडद्याचा पोत दिसत नाही; आणि कॅमेरा स्वतःच फिरत असल्यामुळे डोके न हलवताही खांबामागचे उघड होते. साध्या सिनेमात खोली आधीच तुडुंब भरलेली असते. म्हणूनच चष्म्यांचा सिनेमा लाटांसारखा येतो आणि ओसरतो, असे मला वाटते. १९५२-५३ मध्ये तो अमेरिकेत आला आणि दोनेक वर्षांत थंडावला. आपल्याकडे १९८४ च्या मल्याळम चित्रपटावरून आलेला ‘छोटा चेतन’ पाहायला गर्दी लोटली, पण त्यामागोमाग थ्रीडी सिनेमांची परंपरा काही उभी राहिली नाही. २००९ च्या ‘अवतार’नंतर घरोघर थ्रीडी दूरचित्रवाणी संच येतील अशी भाकिते झाली, २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते बनवणे थांबवले. महागाई, डोकेदुखी, चष्म्यांची कटकट ही कारणे खरी आहेतच. पण ज्याची उणीव नाही ते विकायला निघाल्यावर गिऱ्हाईक किती दिवस टिकणार? जाता जाता एक गंमत. १९५३ च्या ‘हाऊस ऑफ वॅक्स’ या गाजलेल्या थ्रीडी चित्रपटाचे दिग्दर्शक आंद्रे द टॉथ यांना एकच डोळा होता. आणि जोडचित्रांवरून अंतरे मोजण्याचे उपकरण झाइसमध्ये विसाव्या शतकाच्या प्रारंभी उभे करणारे कार्ल पुल्फ्रिख यांचाही एक डोळा पुढे गेला. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा खोलीचा भास त्यांना स्वतःला कधी पाहता आला नाही.

शेवटचा आक्षेप विज्ञानाचा नाही, चित्रकारांचा आहे, आणि तो मला अर्धा मान्य आहे. ते म्हणतील, सपाटपणाची साक्ष ही अडचण आहे असे कोण म्हणाले? रंगाचा थर, कुंचल्याची ओढ, भिंतीचा पोत दिसणे हाच चित्राचा आनंद आहे. कागदही दिसावा आणि त्यातले जगही, ही दुहेरी जाणीव रिचर्ड वोलहाइम यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनी चित्रानुभवाचा गाभाच मानली. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढे उभे राहून भिंत विसरून जावी असे कुणाला वाटेल? पण याच उदाहरणातून दुसरी बाजूही पुढे येते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात वर्तना म्हणजे छायांकनाचे प्रकार सांगितले आहेत, आणि सखल-उंच भाग दाखवू शकणाऱ्याला चित्राचा खरा जाणकार म्हटले आहे. म्हणजे उठाव हे आपल्या परंपरेतही चित्रकाराचे उद्दिष्ट होते. फरक असा, की तो उठाव अंगाचा, खांद्याचा, गालाचा होता. एकाच बिंदूत मिळणाऱ्या रस्त्याचा नव्हता. जपानात अठराव्या शतकात याच फरकाला सामोरे जावे लागले. झोग्रास्कोपच्या जातीचे साधन तेथे पोचले तेव्हा तेथल्या पारंपरिक चित्रांत त्या भिंगाला सांगण्यासारखा रस्ताच नव्हता. म्हणून क्योतोमध्ये तरुण मारुयामा ओक्यो यांनी एकवटणाऱ्या रेषांची नवी चित्रे मुद्दाम त्या साधनासाठी काढली. माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा शोधावा लागत नाही. भिंग स्वतः खोली तयार करत असते, तर कुठलेही चित्र चालले असते. यूलेश यांचे ठिपक्यांचे एकटे चित्र झोग्रास्कोपखाली ठेवा, ठिपके दूर गेल्यासारखे वाटतील आणि ठिपकेच राहतील.

तेव्हा तैलचित्र वा भित्तिचित्र उघड्या डोळ्यांनीच पाहावे, येथे मी चित्रकारांच्या बाजूला आहे. छायाचित्राची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याला कुंचल्याचा पोत नाही, कागदाच्या गुळगुळीतपणात पाहण्यासारखे काही नाही; तेथे सपाटपणाची साक्ष निव्वळ नुकसान करते. आणि आज माणसाच्या हातातले बहुतेक चित्र छायाचित्र आहे, तेही चुकीच्या अंतरावरून पाहिलेले. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात साधारण २४ मिलिमीटरच्या भिंगाइतका रुंद पाहतो. त्याचा फोटो १५ बाय १० सेंटिमीटर आकारात छापला, तर यथादर्शन अचूक दिसण्यासाठी डोळा कागदापासून १० सेंटिमीटरवर हवा. इतक्या जवळ तिशीपलीकडच्या बहुतेकांच्या डोळ्यांना स्पष्ट दिसत नाही, म्हणून आपण तो तिप्पट अंतरावर धरतो आणि अंगण लांबलचक, कडेची माणसे ताणलेली दिसतात. दोष कॅमेऱ्याला देतो. फोन रोहर यांनी सिनॉप्टरच्या आधीच या अडचणीसाठी, नेत्रतज्ज्ञ आलव्हार गुलस्ट्रांड यांच्या सूचनेवरून, व्हेरांट नावाचे दर्शक भिंग केले होते. त्याची रचना वळणाऱ्या डोळ्याला रेषा वाकड्या दिसू नयेत अशी होती, आणि छायाचित्र ज्या नाभीय अंतराच्या कॅमेऱ्याने काढले तितक्याच नाभीय अंतराच्या व्हेरांटमधून ते पाहायचे. ते आज मिळत नाही. पण १० सेंटिमीटर नाभीय अंतराचे चांगले बहिर्गोल भिंग चष्म्याच्या दुकानातून करवून घेता येते. ते डोळ्याशी धरायचे, फोटो बरोबर दहा सेंटिमीटरवर, उजेड फोटोवर आणि दुसरा डोळा मिटलेला.